चिलखतातले चाळीस

चिलखत म्हटले की मराठी कानात लोखंड वाजते. अंगरख्याखालच्या कड्या, प्रतापगडाचा पायथा, खानाची मिठी हे सारे आठवते. शब्दाची शिवण उसवून पाहिली, तर आत लोखंडाचा मागमूस लागत नाही. हाती येतो तो एक आकडा. पहिल्या तुकड्यातला 'चिल' म्हणजे फारसी चिहल, अर्थात चाळीस. संस्कृत चत्वारिंशत् आणि हा चिहल एकाच घरातले, म्हणून चिलखत आणि चाळीस ही दूरची भावंडेच ठरतात. सुफी फकिराचा चाळीस दिवसांचा 'चिल्ला'ही त्यांच्याच गोतातला.

अबुल फजलाने ऐन-इ-अकबरीत शस्त्रागाराची जी यादी दिली आहे, तीत 'चिहलकद' नावाचे एक अंगत्राण येते. आपला शब्द तिथूनच आला असावा. मग 'कद'चे 'खत' कसे झाले? इथे मराठी जिभेच्या सवयी मदतीला येतात, आणि गंमत म्हणजे हा 'मदत' शब्दच पुरावा म्हणून उभा राहतो. मूळ अरबी-फारसी मदद, तिच्या शेवटच्या 'द'चा आपण 'त' केला. घशातून येणारा अरबी 'क'ही आपल्याकडे अनेकदा 'ख' होतो. वक़्तचा वखत झाला, संदूकेची खेड्यापाड्यांत संदूख झाली. दोन्ही सवयी एकदम लागू केल्या की चिलकदचे चिलखत होते, ओढाताण करावी लागत नाही.

अरबीत 'कद'चे अर्थ दोन दिसतात. एक उंची वा बांधा, जो आपल्याला ठाऊक आहे, आणि दुसरा लांब कापलेली पट्टी. इथे दुसरा अधिक जुळतो. याच वस्तूचा सख्खा शेजारी 'चिहलता' पाहिला की शंका आणखी फिटते. 'ता' म्हणजे घडी, पदर. कागदाचा 'ताव' याच कुळातला असावा. चिहलता म्हणजे चाळीस पदरी वस्त्र, कापसाच्या थरावर थर घालून शिवलेले. चाळीस हा आकडा मात्र मोजून घेऊ नये. इस्फहानच्या 'चिहल सुतून' महालात, म्हणजे चाळीस खांबी महालात, खांब वीसच आहेत. उरलेले वीस समोरच्या हौदातल्या पाण्यात दिसतात, असे सांगतात. फारसीत चाळीस म्हणजे 'पुष्कळ' एवढेच पुष्कळदा अभिप्रेत असावे.

कापसाने शस्त्र अडते का, असे वाटणे साहजिक आहे. कड्यांचे जाळे जवळून पाहावे. प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत ओवलेली असते. तलवारीचा आडवा वार त्यावरून घसरतो. पण बारीक टोकाचा भोसका कडी फाकवू शकतो, आणि गदेचा दणका तर जाळ्यातून सरळ बरगडीपर्यंत पोचतो. म्हणून आत जाड शिवलेला कपडा हवाच. हे ज्ञान फार जुने आहे. कौटिल्याच्या आयुधागारात लोहजालिकेच्या बरोबरीने 'सूत्रक' येते. ते सुताचेच अंगत्राण असावे. पुढे शिंशुमार, गेंडा, हत्ती यांची कातडी, खूर, शिंगे यांची वर्मे आहेत. ढालींत एक 'कवाट'ही आहे, म्हणजे आपले कवाडच, हातात धरलेले.

त्याच यादीतला 'वारबाण' मला सर्वांत लाडका. अमरकोशात तो 'कंचुका'च्या जोडीला बसला आहे. बाणाचे वारण करतो तो वारबाण, अशी व्युत्पत्ती सहज सुचते आणि संस्कृत पंडितांनाही ती पटली. पण कौटिल्याच्या पाठात 'वारवाण' असेही रूप आढळते, आणि त्या डळमळीत वर्णावरून शब्द परका असावा असे दिसते. काही अभ्यासक तो इराणी मानतात: 'वर' म्हणजे छाती, 'पान' म्हणजे राखणारा. हे 'पान' आपल्या संस्कृत 'पा' (रक्षणे) धातूचेच सोयरे. याच घडणीचा 'गिरेबान' आज हिंदीत सदऱ्याच्या गळ्यापुरता उरला आहे. पहलवीत तो ग्रीवपान, मानेचे राखण होता.

आता सभासद बखरीतले कोडे. खानाच्या भेटीला जाताना महाराजांच्या अंगात 'जरीची कुडती' होती, आणि खानाची जमदाड, म्हणजे कट्यार, तिच्यावर खरखरून गेली, असे सभासद सांगतो. जर म्हणजे सोन्याची तार हा अर्थ घेतला, तर पोलाद अडले कशाने? फारसीत कड्यांच्या चिलखताला 'ज़िरह' म्हणतात. सभासदाची जरी ही ती ज़िरह असावी, असे मला तरी ठामपणे वाटते. जमदाड जिथे खरखरते तिथे लोखंडच हवे. हीच ज़िरह 'जिरेटोपा'त लपली आहे. जिरेटोप म्हणजे कड्यांची झालर लावलेला टोप असावा. पुढे चित्रांत तो कापडी दिसू लागला, आणि नावातले 'जिरे' स्वयंपाकघरातले वाटू लागले.

चिलखताचा प्रवास उलट्या दिशेने झाला. कापसातून ते लोखंडात गेले आणि तिथून यंत्रात. अहिल्यानगरला, म्हणजे जुन्या अहमदनगरला, सैन्याच्या 'चिलखती दला'चे प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे चिलखत म्हणजे रणगाड्याचे पोलाद. आणि माणसाच्या अंगावर? तिथे आपण बुलेटप्रूफ जॅकेट म्हणतो. ड्यूपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये केव्हलरचा धागा शोधला. त्याचे विणलेले थर एकावर एक शिवून जॅकेट होते. गोळी त्या थरांत चपटी होते, तिचा जोर धाग्याधाग्यांतून पांगतो. पण दणका आत पोचतोच. म्हणून शस्त्रांच्या आघाताचा अभ्यास करणारे जॅकेटमागे मळलेली माती ठेवून गोळी झाडतात आणि पडलेला खळगा मोजतात. अमेरिकी मानकाप्रमाणे तो ४४ मिलिमीटरहून खोल चालत नाही. कड्यांखाली कापूस भरणाऱ्या कारागिरालाही हीच चिंता होती. 'चिहलता' हे नाव या जॅकेटला इतके नेमके बसते, की कोणी ते पुन्हा रूढ केले तर मी आनंदाने वापरीन.

रणगाड्यांचे चिलखतही आता थरांचे झाले आहे. हैदराबादच्या संरक्षण धातुसंशोधन प्रयोगशाळेने 'अर्जुन' रणगाड्यासाठी पोलाद आणि इतर पदार्थांच्या थरांचे जे चिलखत घडवले, त्याचे नाव 'कांचन'. अमरकोश हाताशी असलेल्याला इथे 'कंचुक' आठवल्यावाचून राहणार नाही. मूळ अर्थ अंगत्राण, ध्वनी जवळचा, विषयही तोच! पण मोह आवरावा. ती प्रयोगशाळा हैदराबादेत ज्या भागात आहे, त्याचे नाव कांचनबाग. चिलखताने ते तिथून घेतले. कंचुकाची खरी वंशज शोधायची तर ती काचोळीत सापडते.