आधी उष्णतेचा हिशेब

रौप्यमहोत्सवी वर्षात लिफ्टचं जुनं पॅनेल बदलायचं आणि जिन्याखालच्या खोलीत इन्व्हर्टर व बॅटऱ्या बसवायच्या, असं आपल्या सोसायटीत घाटतं आहे. त्यानिमित्ताने थोडा इतिहास, तोही आपल्याच अलिबागचा.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाबा वेधशाळेचं चुंबकीय मोजमाप इथे हलवायचं ठरलं. संचालक नानाभाई मूस यांच्या काळात, १९०४ साली, अलिबागची वेधशाळा सुरू झाली. चुंबकाला लोखंडाचं जसं वावडं, तसंच तापमानाच्या चढउताराचंही. म्हणून इमारतीला पोरबंदरी दगड वापरला आणि दिवस-रात्रीचा फरक आतल्या उपकरणांना जाणवू नये अशी रचना केली. एसीविना! आधुनिक एसीचा जन्म १९०२ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी. दमट हवेत कागद फुगायचा, म्हणून विलिस कॅरिअर यांनी ती योजना आखली. म्हणजे माणसांच्या सुखाचा विचार त्यात नंतर आला.

आमच्या बँकांतही तेच झालं. १९८४ च्या रंगराजन समितीनंतर हळूहळू संगणक आले. मी होतो त्या शाखेत त्यांच्यासाठी काचेची केबिन आणि एसी. चपला बाहेर काढायच्या. कॅशियर मात्र पंख्याखाली घामाघूम! पुढे त्याच केबिनमध्ये आणखी यंत्रं आणि यूपीएस आला, एसी तेवढाच राहिला. मे महिन्यात दुपारी यंत्रं बंद पडू लागली आणि पेन्शनरांची रांग ताटकळली. तपासायला आलेल्या इंजिनिअरने कागदावर साधी बेरीज मांडली : यंत्र जेवढी वीज खातं, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन खोलीतच उतरते. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. आमची बेरीज त्यापुढे गेली होती. यूपीएस शेजारच्या हवेशीर खोलीत हलवला आणि काम भागलं. नवा एसी घ्यावाच लागला नाही.

आता आपलं बघा. लिफ्टची खोली गच्चीवर, स्लॅब दिवसभर तापलेला. आधी वर सावली, समोरासमोर झरोके, एक्झॉस्ट पंखा, एसी शेवटी. खाऱ्या हवेत त्याची बाहेरची जाळीही लवकर गंजते. बॅटऱ्यांचं तर त्याहून नाजूक : तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं, आणि चार्जिंगच्या वेळी लेड-ॲसिड बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन सुटतो. जिन्याखालची बंद खोली त्यासाठी नव्हेच. तोच आपला बाहेर पडायचा रस्ता आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी तरातरा जिने चढणारे आम्ही आता लिफ्टच्या भरवशावर आहोत. तेव्हा कोटेशनवर सही करण्याआधी कमिटीने दोन प्रश्न विचारावेत आणि उत्तरं इतिवृत्तात नोंदवावीत : हे यंत्र किती उष्णता सोडणार, आणि ती जाणार कुठे?