संघटन-वातावरण व कामगारांचे स्वास्थ्य

कामाची वाटणी, पर्यवेक्षणाची रीत व सहकाऱ्यांचे परस्परसंबंध यांतून कामगारास जाणवणारी आस्थापनेतील परिस्थिती म्हणजे संघटन-वातावरण. कार्यसमाधान व आरोग्य यांच्याशी असलेला त्याचा संबंध ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींच्या अभ्यासातून विशेष स्पष्ट झाला.

पूर्वी दोन-तीन खाणकामगारांची टोळी कोळसा खणण्यापासून भरण्यापर्यंतची कामे स्वतःच्या जबाबदारीवर करी. यंत्रे आल्यावर ‘लाँगवॉल’ पद्धती रूढ झाली. तीत सुमारे चाळीस कामगार तीन पाळ्यांत विभागले जात. प्रत्येकाकडे एकच काम राही आणि एका पाळीची उणीव पुढच्या पाळीस भोवे. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील एरिक ट्रिस्ट आणि पूर्वी खाणकामगार असलेले के. डब्ल्यू. बॅमफर्थ यांनी १९५१ मध्ये या पद्धतीतून उद्भवणारे मानसिक ताण, गैरहजेरी व मनोकायिक विकार यांचे विवेचन केले.

पुढे डरॅम परगण्यात समान यंत्रसामग्रीच्या दोन कार्यस्थळांची तुलना झाली. तिचे निष्कर्ष १९६३ मध्ये ग्रंथरूपाने आले. रूढ पद्धतीत आजारपण व तत्सम कारणांनी ८.९ टक्के आणि अपघातांमुळे ६.८ टक्के गैरहजेरी होती. कामे आळीपाळीने करणाऱ्या व मोबदला समान वाटून घेणाऱ्या गटात ही प्रमाणे अनुक्रमे ४.६ व ३.२ टक्के आढळली. ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये तत्कालीन मुंबई राज्यातील अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत स्वयंचलित मागांवर असेच कामगार-गट योजले.

डरॅमची तुलना दोनच कार्यस्थळांपुरती होती. तथापि आजार व अपघात यांचे मूळ केवळ यंत्रात किंवा व्यक्तीच्या प्रकृतीत नसून कामाच्या रचनेतही असते, हे तिने दाखवून दिले.