शेनिन ब्लाँ: तेच द्राक्ष, वेगळा हिशेब

जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन विकायचा निर्णय झाला आणि वाईन म्हणजे दारू की नाही, यावर अख्खा महाराष्ट्र भांडला. त्या गदारोळात एक प्रश्न मागेच राहिला. वाईनच्या द्राक्षाचा भाव वजनावर ठरावा की गुणावर? शेनिन ब्लाँ या पांढऱ्या द्राक्षाचा इतिहास यावर बरंच काही सांगतो.

हे द्राक्ष मूळचं फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातलं. उन्हातही आंबटपणा सोडत नाही. म्हणून या एकाच वाणाची कोरडी, गोड, फेसाळ अशी सगळ्या तऱ्हेची वाईन होते.

सतराव्या शतकात डचांनी दक्षिण आफ्रिकेत केपला वेली नेल्या. १६५९ मध्ये तिथे पहिली वाईन गाळली गेली. शेनिनही तिथे रुजलं, पण नाव हरवून. लोक त्याला 'स्टीन' म्हणायचे. स्टीन म्हणजेच शेनिन हे पक्कं व्हायला १९६० चं दशक उजाडलं.

दरम्यान १९१८ मध्ये केव्हीडब्ल्यू ही द्राक्ष उत्पादकांची सहकारी संस्था उभी राहिली. तिने किमान भाव बांधून दिला, जास्तीची वाईन उचलून ब्रँडीच्या भट्टीत घातली. कोसळलेल्या भावातून शेतकरी वाचला, हे खरंच. पण खपाची हमी मिळाल्यावर सगळे टनाच्या मागे लागले. आपल्याकडच्या उसाची आठवण येते ना? भरघोस पिकणारं शेनिन यात फिट बसलं आणि स्वस्त माल म्हणून बदनाम झालं.

आणि मजूर? त्यांच्या मजुरीचा काही भाग हलक्या वाईनमध्ये दिला जाई. या पद्धतीला 'डॉप' म्हणत. कायद्याने बंदी आली, तरी कित्येक मळ्यांवर ती १९९० च्या दशकापर्यंत चालू होती. पिढ्या व्यसनात गेल्या.

वर्णभेदाची राजवट संपली, जगाचा बाजार खुला झाला. तेव्हा काही जणांनी जुन्या बागा तोडायच्या ऐवजी जपल्या. जुनी वेल पिकते कमी, पण रस दाट देते. आज तिथे ३५ वर्षांवरच्या वेलींच्या बाटलीवर लागवडीचं साल छापलेला शिक्का लागतो. द्राक्ष तेच, माती तीच. हिशेब तेवढा बदलला.

नाशिकची शेनिन ब्लाँ २००० साली बाटलीत आली. पुढे दहा वर्षांच्या आतच मंदीचा फटका बसला, वायनऱ्यांनी माल उचलला नाही आणि कित्येक शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने वाईनच्या बागा तोडल्या.

वाईन कुठे विकायची यावर जरूर भांडू. पण बागेत राबणाऱ्याला काय आणि कशाच्या हिशेबाने मिळतं, यावर कधी बोलणार?