काचेआडची वाद्ये : भरतमुनींपासून ब्रुसेल्सपर्यंत एका वर्गीकरणाचा प्रवास

(१) वाद्यांच्या मोठ्या संग्रहालयांतील नोंदी पाहिल्या, तर वाद्याच्या नावाशेजारी अनेकदा एक आकडा दिसतो. सतारीच्या जातीच्या वाद्यांसाठी तो ३२१.३२१ असा आहे. हा आकडा १९१४ साली जर्मनीत ठरला. त्यामागच्या विचाराचे धागेदोरे मात्र कोलकात्याच्या एका वाड्यापर्यंत आणि तेथून थेट नाट्यशास्त्रापर्यंत जातात. आजचा धागा त्या प्रवासाविषयी आणि त्या आकड्यात जे मावत नाही त्याविषयीही.

(२) आरंभ अर्थातच भरतमुनींपासून. नाट्यशास्त्राच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत : तत, अवनद्ध, घन आणि सुषिर. तारा ताणलेली ती तत. चामड्याने मढवलेली ती अवनद्ध. स्वतःच भरीव असून आघाताने निनादणारी ती घन. आणि पोकळीत हवा खेळवणारी ती सुषिर. वीणा, पखवाज, टाळ आणि बासरी एवढी चार वाद्ये डोळ्यांपुढे आणली, तरी ही व्यवस्था ध्यानात येते.

(३) या विभागणीचे सामर्थ्य कशात आहे? ती एकच प्रश्न विचारते : नाद नेमका कशातून उमटतो? तारेतून, कातड्यातून, वाद्याच्या अंगातून की हवेतून? वाजवणारा कोण, प्रसंग कोणता, वाद्य मंदिरातले की दरबारातले, यांपैकी काहीही ती विचारात घेत नाही. कसोटी एकच असल्यामुळे वर्ग सहसा एकमेकांत मिसळत नाहीत.

(४) युरोपात दीर्घकाळ रूढ असलेली त्रिविध विभागणी याउलट होती : तंतुवाद्ये, फुंकवाद्ये आणि आघातवाद्ये. बारकाईने पाहिल्यास येथे तीन वेगवेगळ्या कसोट्या आहेत. पहिल्या वर्गात कंप पावणारी वस्तू पाहिली जाते, दुसऱ्यात हवेचा वापर, तर तिसऱ्यात वाजवण्याची क्रिया. मग पियानोचे काय करायचे? त्यात तारा आहेत. पण त्यांवर हातोड्यांचा आघात होतो. तो पहिल्या वर्गात बसवायचा की तिसऱ्या?

(५) आता कोलकात्याकडे वळू. सौरींद्रमोहन टागोर (१८४०–१९१४) हे पाथुरियाघाटा शाखेतील जमीनदार, संगीताचे गाढे अभ्यासक. १८७१ मध्ये त्यांनी बंगाल संगीत विद्यालय स्थापन केले आणि १८७५ मध्ये ‘यंत्रकोष’ हा वाद्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या लेखनात वाद्यांची मांडणी परंपरेतील त्याच चार वर्गांत आहे.

(६) टागोरांनी केवळ ग्रंथ लिहिले नाहीत, तर वाद्यांचे संच जगभरच्या राजांना आणि संस्थांना भेट म्हणून पाठवले. या औदार्याला दोन बाजू होत्या. वसाहतीच्या काळात भारतीय संगीताला ‘शास्त्र’ म्हणून मान्यता मिळवून देण्याची तळमळ त्यात होती. तितकीच युरोपीय दरबारांकडून मानसन्मान मिळवण्याची आकांक्षाही होती. दोन्ही हेतू खरे होते, आणि एकामुळे दुसरा खोटा ठरत नाही.

(७) १८७६ मध्ये अशीच सुमारे शंभर भारतीय वाद्ये बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्याकडे पोहोचली. पुढल्याच वर्षी ब्रुसेल्सच्या राजकीय संगीत महाविद्यालयात वाद्यसंग्रहालय उभे राहिले. फ्रांस्वा-जोसेफ फेतिस या संगीतशास्त्रज्ञाचा, शासनाने विकत घेतलेला संग्रह आणि टागोरांची देणगी, हे त्याचे दोन मूळ आधार. म्हणजे युरोपातील एका अग्रगण्य वाद्यसंग्रहालयाच्या पायातच कोलकात्याहून आलेली वाद्ये आहेत.

(८) या संग्रहालयाचे पहिले अभिरक्षक व्हिक्टर-शार्ल माईयों हे वाद्यनिर्मात्यांच्या घराण्यातले. त्यांच्यापुढे पेच उभा राहिला : जगभरची वाद्ये एका सूचीत लावायची कशी? युरोपीय वाद्यवृंदासाठी घडलेली त्रिविध विभागणी येथे अपुरी पडत होती. १८८० पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या सूचीत त्यांनी चार वर्ग केले : स्वयंनादी, चर्मनादी, वायुनादी आणि तंतुनादी. घन, अवनद्ध, सुषिर, तत! वाद्यशास्त्राच्या अभ्यासकांनी या विभागणीचा संबंध टागोरांच्या देणगीशी जोडला आहे.

(९) याच सुमारास लंडनमध्ये वाद्यांकडे वेगळ्याच साधनांनी पाहिले जात होते. अलेक्झांडर एलिस यांना स्वरांचे सूक्ष्म भेद कानांनी ओळखता येत नसत. म्हणून त्यांनी कंपनसंख्या नेमकी ठाऊक असलेले नादकाटे वापरले आणि कानाचे काम आल्फ्रेड हिपकिन्स यांच्याकडे सोपवले. एलिस यांनी सप्तकाचे १२०० समान भाग कल्पिले. त्या एककाला ‘सेंट’ म्हणतात, आणि आजच्या मोबाइलमधील ट्यूनरही त्याच एककात बोलतो.

(१०) त्यांचा १८८५ चा निबंध क्रांतिकारक ठरला. जावा बेटावरील स्लेंद्रो या स्वरसप्तकात पाच स्वर असून त्यांतील अंतरे जवळजवळ सारखी, म्हणजे सुमारे २४० सेंटची आहेत, असे त्यांना आढळले. अशा अनेक मोजमापांवरून त्यांनी निष्कर्ष काढला की जगात निसर्गसिद्ध असे एकच स्वरसप्तक नाही; स्वरव्यवस्था माणसांनी घडवलेल्या आहेत आणि त्या नाना प्रकारच्या आहेत. युरोपीय स्वरव्यवस्थाच ‘नैसर्गिक’ या समजुतीला मोजमापानेच तडा गेला.

(११) हे दोन्ही प्रवाह बर्लिनमध्ये एकत्र आले. एरिख फॉन होर्नबोस्टेल आणि कुर्ट झाक्स यांनी माईयोंची चौकट घेऊन १९१४ मध्ये तिला ग्रंथालयांतील ड्युई पद्धतीसारखे दशांश क्रमांक दिले : १ घन, २ अवनद्ध, ३ तत, ४ सुषिर. विद्युत्-वाद्यांचा पाचवा वर्ग नंतर जोडला गेला. सोय अशी की वाद्याचे स्थानिक नाव कोणत्याही भाषेत असो, आकडा पाहताच त्याची रचना कळते.

(१२) या दोघांचे पुढे काय झाले? १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ज्यू वंशामुळे दोघांचीही पदे गेली. होर्नबोस्टेल १९३५ मध्ये केंब्रिज येथे निवर्तले. झाक्स पॅरिसमार्गे न्यूयॉर्कला पोहोचले. जगातील प्रत्येक वाद्याला समान न्यायाने स्थान देणाऱ्या विद्वानांना स्वतःच्या देशात स्थान उरले नाही.

(१३) त्यांची व्यवस्था निर्दोष आहे का? आपल्याकडचे चौंडकेच पाहा. यल्लम्माच्या भक्तांच्या हातातील या वाद्यात एका तोंडाला कातडे असते आणि त्या कातड्यातून ओवलेली तार छेडली जाते. मग ते अवनद्ध की तत? बंगालच्या गोपीयंत्रासारख्या या जातीला होर्नबोस्टेल–झाक्स यांनी ‘छेडण्याचे ढोल’ म्हणून २२ क्रमांकाखाली ठेवले. ही खरे तर तंतुवाद्येच आहेत, असे प्रतिपादन पुढच्या काळात झाले. लोकवाद्ये सूचीला विचारून जन्माला येत नाहीत!

(१४) मात्र याहून मोठी उणीव वेगळीच आहे. आयव्हरी कोस्टमधील एब्रिये समाजाचा ‘जिजी आयोक्वे’ नावाचा ढोल घ्या. लांबी तीन मीटरांहून अधिक, वजन सुमारे ४३० किलो, अखंड खोड कोरून केलेला. त्याला कातडे नाही. म्हणून नावाने ढोल असला, तरी वर्गीकरणात तो ‘घन’ ठरतो. शास्त्रदृष्ट्या हे अगदी बरोबर आहे.

(१५) परंतु या ढोलाचे काम काय होते? तो बोलत असे. सक्तीच्या मजुरीसाठी माणसे पकडायला फ्रेंच अधिकारी निघाले की त्याचा नाद गावोगाव इशारा पोहोचवी आणि लोकांना लपायला अवधी मिळे. म्हणूनच १९१६ मध्ये वसाहतीच्या प्रशासनाने तो हिसकावून घेतला. पुढे तो पॅरिसच्या संग्रहालयात पोहोचला आणि ज्यांना तो सावध करी, त्यांच्यापासून हजारो किलोमीटर दूर राहिला. त्याच्या परतीला मान्यता देणारा कायदा फ्रेंच संसदेने मंजूर केला तो २०२५ च्या जुलैमध्ये.

(१६) म्हणजे दोन वाद्ये शेजारी ठेवली तर? एक मालकाने सन्मानाने भेट दिलेले, दुसरे बंदुकीच्या धाकाने नेलेले. दोन्ही काचेआड तितकीच शांत आणि दोन्हींना नीटनेटका क्रमांक. वाद्य कशाने निनादते, हे तो आकडा सांगतो. ते कोणासाठी निनादत होते आणि गप्प कसे झाले, हे सांगत नाही. तो इतिहास आपल्याला संपादनाच्या नोंदींतून, पत्रव्यवहारातून आणि मूळ समाजाच्या स्मृतीतून शोधावा लागतो.

(१७) इतिहासाच्या विद्यार्थ्याला याचा उपयोग काय? पुण्यात दिनकर केळकरांनी उभारलेल्या राजा केळकर संग्रहालयात वाद्यांचे दालन आहे. तेथे किंवा अन्यत्र गेलात तर प्रत्येक वाद्यापुढे चार प्रश्न विचारा. नाद कशातून येतो? ते कोणी घडवले? कोण, कधी वाजवत असे? आणि ते येथे कसे आले? पहिल्याचे उत्तर भरतमुनींनी देऊन ठेवले आहे. उरलेल्या तिहींची उत्तरे शोधणे हे आपल्या पिढीचे काम आहे.

(१८) आपल्या घरात किंवा गावातील देवळात एखादे जुने वाद्य पडून असेल, तर ते वाजवणाऱ्या वडीलधाऱ्यांशी बोलून त्याची माहिती आजच लिहून ठेवा. वाद्य लाकडाचे, धातूचे असते, ते टिकते. त्याची गोष्ट माणसांत असते. ती तितकी टिकत नाही. अशा वाद्यांची नावे आणि त्यांच्या कथा या धाग्याखाली अवश्य नोंदवा.