ओळख आणि ठेव

संकेतस्थळावर परवलीचा शब्द देऊन आत शिरणे आणि आपली कागदपत्रे दूरच्या संगणकावर ठेवून हवी तेव्हा काढणे, या आज वेगळ्या वाटणाऱ्या दोन सोयी मुळात एकाच गरजेच्या पोटी जन्मल्या. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या चमूने १९६१ मध्ये सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखवली. तीत एकाच संगणकाचा वेळ अनेकांना वाटून मिळे आणि सर्वांच्या फायली त्याच यंत्रावर राहत, म्हणून एकाची ठेव दुसऱ्याच्या हाती लागू नये यासाठी परवलीचा शब्द आला. वापरणारा खरोखर कोण, हे त्या शब्दाला ठाऊक नव्हते आणि तशी गरजही नव्हती. तो केवळ ठेवीचा राखणदार होता, तोही कच्चा, कारण १९६२ मध्येच ॲलन शेर या संशोधकाने यंत्राचा जादा वेळ मिळावा म्हणून सगळ्यांच्या परवलीच्या शब्दांची यादी छापून घेतली.

मुंबईत संगणकविद्येचे घराणे कुलाब्याच्या टोकाला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजले. तेथील सॉफ्टवेअर केंद्रातून १९८५ मध्ये एनसीएसटी ही स्वतंत्र संस्था उभी राहिली, पुढे ती सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेत विलीन झाली, आणि सी-डॅकच्या मुंबई केंद्राने ‘ई-प्रमाण’ ही सेवा घडवली. एकदा ओळख पटली की अनेक सरकारी संकेतस्थळांची दारे उघडावीत, हे तिचे काम. म्हणजे ओळख येथे ठेवीपासून सुटी झाली.

त्याच दक्षिण टोकावरच्या कफ परेड मच्छीमार नगरात ओळखीचा प्रश्न मात्र वेगळ्याच वाटेने आला. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी याच किनाऱ्याला लागले आणि त्यानंतर समुद्रात जाणारा प्रत्येक जण शासनाच्या लेखी आधी ओळख पटवण्याचा विषय झाला. केंद्राने २००९ मध्ये सागरी मच्छीमारांसाठी बायोमेट्रिक ओळखपत्रांची, म्हणजे बोटांच्या ठशांसारख्या शारीरिक खुणा नोंदवणाऱ्या पत्रांची, योजना हाती घेतली. नाखवा, तांडेल आणि खलाशी यांना सारे बंदर पिढ्यान्‌पिढ्या चेहऱ्याने ओळखत होते. गस्तीनौकेला मात्र ती ओळख पुरेशी नव्हती.

ओळख पटवण्याचा हा प्रश्न लवकरच साऱ्या देशापुढे आला: २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे पहिले आधार क्रमांक दिले गेले, आणि त्या पायावर २०१५ मध्ये डिजिलॉकर ही नागरिकांच्या कागदपत्रांची सरकारी डिजिटल सेवा आली. तिला कुलुपबंद पेटी समजणे हा सार्वत्रिक गैरसमज आहे. नागरिकाने स्वतः चढवलेल्या फायली तेथे खरोखर साठवल्या जातात; परंतु वाहन परवान्यासारखा ‘जारी केलेला’ दस्तऐवज संबंधित खात्याच्याच भांडारात असतो आणि लॉकरमध्ये त्याचा केवळ दुवा असतो, म्हणूनच त्याला मूळ कागदाइतकी मान्यता देणे नियमांना शक्य झाले.

२०२२ मध्ये ‘मेरी पहचान’ या व्यवस्थेत ई-प्रमाण आणि डिजिलॉकर एकाच रांगेत बसले. आता एखाद्या सरकारी संकेतस्थळावर डिजिलॉकरच्या खात्यानेच प्रवेश मिळतो: परवलीचा शब्द त्या संकेतस्थळाला न सांगता लॉकरकडून परवानगीची चिठ्ठी जाते. कॉर्बाटोंच्या यंत्रावर ओळख ठेवीची राखण करीत होती. येथे ठेवीचे खातेच माणसाच्या ओळखीला जामीन राहते.