माथ्यावरच्या ओळी

माझ्या एका अनुवादाची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा आतल्या पानावरून माझं नाव गेलं होतं. प्रकाशक म्हणाले, "मांडणी नव्यानं केली, राहून गेलं." त्याच दिवसांत मी संगणकाविषयीचा एक मजकूर मराठीत आणत होते. त्यात बर्कलेचा खटला भेटला आणि मी काम बाजूला ठेवून तोच वाचत बसले.

मुक्त प्रणालीतली कोणतीही मूळ फाइल उघडली, तर वरच्या काही ओळी बहुधा यंत्रासाठी नसतात. हे कोणी लिहिलं, कोणत्या साली, कोणत्या अटींवर वापरता येईल, एवढंच त्यांत असतं. यंत्र त्या ओलांडून पुढे जातं. अभंगातली नाममुद्रा काढली की चरण लंगडतो. इथे नाव खोडलं तरी प्रोग्राम पूर्वीसारखाच चालतो.

युनिक्स ही प्रणाली एटी अँड टीच्या बेल प्रयोगशाळेतली. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठानं तिच्यात पुष्कळ भर घातली. आपला भाग देताना त्यांची अट साधी होती: वापरा, बदला, विकासुद्धा, पण वरच्या ओळी काढू नका आणि श्रेय द्या.

१९९२ मध्ये एटी अँड टीच्या युनिक्स सिस्टिम लॅबोरेटरीजनं बर्कलेची प्रणाली विकणाऱ्या एका छोट्या कंपनीवर दावा लावला. पुढे विद्यापीठालाही त्यात ओढलं. तक्रार चोरीची होती. पण मालकांची स्वतःचीच एक जुनी आवृत्ती, ३२व्ही, स्वामित्वाच्या सूचनेविना वाटली गेली होती. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात सूचनेविना प्रकाशित केलं तर हक्कच गमावण्याची वेळ येई. ही सक्ती १९८९ मध्ये उठली. मार्च १९९३ मध्ये न्यायाधीश डेबेव्हॉइज यांनी विक्रीवर मनाई हुकूम द्यायला नकार दिला, त्यामागे हेही एक कारण होतं.

मग विद्यापीठानं उलटा दावा ठोकला: तुमच्या 'सिस्टिम फाइव्ह'मध्ये आमचं लेखन आहे, श्रेय नाही. मागणी वाचून मला हसू आलं, आणि हेवाही वाटला. सगळी माहितीपुस्तकं श्रेयासह पुन्हा छापा, ग्राहकांना कळवा, आणि 'वॉल स्ट्रीट जर्नल'सारख्या पत्रांत पानभर जाहिरात द्या!

दरम्यान युनिक्सची मालकी नोव्हेल कंपनीकडे गेली आणि १९९४ च्या आरंभी तडजोड झाली. सुमारे १८ हजार फाइलींपैकी तीन काढल्या गेल्या. सुमारे सत्तर फाइलींच्या माथ्यावर युनिक्सवाल्यांच्या स्वामित्वाची ओळ चढली. त्या फाइली वाटायला मोकळ्याच राहिल्या. दोन वर्षांचं भांडण अखेर एवढ्यावर मिटलं. करारही गुप्त ठेवला होता. तो २००४ मध्ये उजेडात आला.

श्रेयाचाही अतिरेक होतोच. बर्कलेच्या परवान्यात जाहिरातींतही नाव घेण्याचं कलम होतं. इतरांनी ते आपापल्या नावानं उचललं. १९९७ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी एकाच प्रणालीत अशी ७५ वाक्यं मोजली. १९९९ मध्ये विद्यापीठानं ते कलम मागे घेतलं, फाइलींतल्या ओळी मात्र ठेवल्या. मला हे पटतं. जाहिरातीत माझं नाव नको.

प्रकाशकांना मी लिहिलं, उरलेल्या प्रतींत निदान एक चिठ्ठी चिकटवा. मजकूरही पाठवला, दीड ओळीचा. उत्तर यायचं आहे.