पेक्टिन कापणाऱ्यांची कुळकथा

टोमॅटो पिकला की मऊ का पडतो? पेक्टिन तोडणारे एन्झाइम त्याच्या पेशींच्या भिंती विरघळवतात म्हणून, हे नेहमीचे उत्तर अर्धेच खरे आहे. या एन्झाइमांशी माणसाची ओळख मुरंब्यात, सडलेल्या गाजरात आणि रसाच्या कारखान्यात झाली. झाडाच्या अंगात ते काय करतात याची नीट चौकशी बऱ्याच उशिरा सुरू झाली. तोवर या घराण्यावर ‘नासवणारे’ असा शिक्का बसून गेला होता. माझे म्हणणे असे की पेशी पेशींपासून ठरल्या वेळी सुट्या करणे हा या घराण्याचा मूळ धंदा आहे. फळाचा मऊपणा ही त्याची एक बाजू झाली, आणि तीही कोणा एकट्या एन्झाइमच्या हातात नसते.

कुळाचा आरंभ चिंचेत सापडतो. व्होक्लँ या फ्रेंच रसायनज्ञाने 1790 मध्ये चिंचेचे पृथक्करण करताना तिच्यातला थिजणारा पदार्थ नोंदवला. आंरी ब्राकोनोने 1825 मध्ये त्याला थिजण्याच्या गुणावरून नाव दिले, आणि 1840 मध्ये एदमों फ्रेमीला गाजराच्या रसात पेक्टिन थिजवणारे एन्झाइम आढळले. म्हणजे घराण्यातला पहिला ज्ञात पुरुष मोडणारा नव्हताच, गोठवणारा होता. तो पेक्टिनच्या साखळीवरचे मिथाइल गट काढतो. मग मोकळ्या जागी कॅल्शियम दोन साखळ्या जोडू शकते आणि भिंत घट्ट होते, किंवा कापणाऱ्या एन्झाइमना तिथे वाट मिळते. पुढे 1886 मध्ये डी बारी या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवले की स्क्लेरोटिनिया बुरशीच्या रसाने गाजराच्या पेशी एकमेकींपासून सुटतात आणि रस उकळला की ही शक्ती जाते. विटांमधल्या चुन्यासारखा पेशींमधला जो थर असतो तो पेक्टिनचा, हे लुई मांजँने रंगद्रव्ये वापरून स्पष्ट केले. ‘पेक्टिनेज’ हे नाव 1898 मध्ये बूर्कलो आणि एरिसे यांच्या माल्टवरच्या कामातून आले. माल्ट म्हणजे मोड आलेले सातू. नाव असे उगवत्या बियाण्यावर पडले आणि प्रसिद्धी मात्र बुरशीने मिळवली, कारण 1930च्या दशकापासून फळांचे रस नितळ करण्यासाठी कारखान्यांनी बुरशीचेच एन्झाइम वापरले. खरे तर अंबाडी पाण्यात कुजवून वाख काढणारे शेतकरी हेच काम जिवाणूंकडून कधीपासून करून घेत आले होते. त्या कुजवण्यात तंतू शाबूत राहतात, फक्त एकमेकांपासून सुटतात. आपण त्याला ‘कुजणे’च म्हणत राहिलो.

टोमॅटोतल्या एन्झाइमवरचा आरोप पुराव्यावाचून नव्हता. कच्च्या टोमॅटोत पेक्टिनची साखळी कापणारे पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज हे एन्झाइम जवळजवळ नसते, पिकताना ते भरमसाट वाढते, आणि ज्या वाणांची फळे पिकत नाहीत त्यांत ते नगण्य असते. इतके जुळल्यावर संशयिताला गुन्हेगार ठरवायला कितीसा वेळ लागतो! इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या आणि कॅलिफोर्नियातील कॅलजीन कंपनीच्या संशोधकांनी 1988 मध्ये उलट्या दिशेचे जनुक घालून हे एन्झाइम दाबले. पुढे ते सुमारे 99 टक्क्यांपर्यंत घटवता आले, तरी फळे जवळपास नेहमीसारखीच मऊ पडली. उलटी परीक्षा 1989 मध्ये झाली: न पिकणाऱ्या रिन टोमॅटोत हे एन्झाइम मुद्दाम तयार करवले, तर पेक्टिन तुटले आणि फळ मऊ झाले नाही. एका परीक्षेत संशयित गैरहजर असूनही घटना घडली, दुसऱ्या परीक्षेत तो हजर असूनही घडली नाही. तरीही 18 मे 1994 रोजी अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाची हरकत नाही म्हटल्यावर कॅलजीनचा फ्लेवर सेव्हर टोमॅटो बाजारात आला आणि 1997पर्यंत तिथून गेलाही.

यावर कोणी म्हणेल, तो टोमॅटो वाहतुकीने आणि खर्चाने बुडाला, विज्ञानाने नव्हे. धंद्यापुरते हे खरे आहे. अतिपक्व अवस्थेत ती फळे थोडी जास्त टिकतही होती. पण हेच एन्झाइम दाबलेल्या टोमॅटोची पेस्ट 1996 पासून ब्रिटनच्या दुकानांत विकली गेली, आणि तिचा गुण होता दाटपणा. पेक्टिनच्या साखळ्या लांब राहिल्या म्हणून पेस्ट दाट झाली. म्हणजे नेहमीच्या टोमॅटोत एन्झाइम आपले कापण्याचे काम करतच होते. ते काम म्हणजेच मऊपणा, हे समीकरण आपण मांडलेले होते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नॉटिंगहॅमच्याच गटाने 2016 मध्ये पेक्टेट लायेज हे पेक्टिन तोडणारे दुसरे एन्झाइम दाबले, तेव्हा टोमॅटो खरोखर टणक राहिले. स्ट्रॉबेरीत तर पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज दाबूनही टणकपणा मिळाला. म्हणजे पेक्टिन तोडणारे निर्दोष नाहीत. मात्र कोणत्या फळात कोणता भाऊबंद निर्णायक ठरतो हे वेगवेगळे आहे, आणि एका नावावर खटला चालवणे चूकच होते. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिससारख्या चिमुकल्या रोपाच्या जनुकसंचातही पॉलिगॅलॅक्ट्युरोनेजची साठाहून अधिक जनुके आहेत. ती सगळी फळ नासवण्यासाठी राखली असतील, असे कसे मानायचे? त्या रोपाला तर रसाळ फळच येत नाही.

एकेका एन्झाइमचे काम स्वच्छ दिसते ते याच रोपात. यांतले एक नसले तर शेंग वाळूनही फुटत नाही. परागाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. एका मातृपेशीपासून चार पराग होतात, परागकोशाच्या अस्तरातून आलेली एन्झाइम त्यांच्यामधले पेक्टिन काढतात आणि ते सुटे होतात. क्वार्टेट नावाच्या उत्परिवर्ती रोपांत ही पायरी बिघडते आणि चौघे चिकटूनच बाहेर पडतात. ज्या जनुकांच्या बिघाडाने हे घडते त्यांपैकी दोन पॉलिगॅलॅक्ट्युरोनेजची निघाली, एक मिथाइल गट काढणाऱ्याचे, म्हणजे फ्रेमीच्या गाजरातल्या भावकीचे. चिकटलेले चारही पराग जिवंत आणि फलनक्षम असतात. कमी पडते ते फक्त सुटे होणे. एकाच विभाजनाची चारही अपत्ये एकत्र हाती लागतात म्हणून जनुकतज्ज्ञांनी हा दोष जपून ठेवला आणि 1999 मध्ये त्याच्याच आधारे त्या रोपाच्या गुणसूत्रांवरील सेंट्रोमिअरच्या जागा निश्चित केल्या.